चार्जिंगवाले हमीदभाई

हमीदभाई माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या मोटारसायकलच्या हेडलाइटकडे बघतात. समोर उकिडवे बसतात, काचेवर हाताची सावली धरतात आणि म्हणतात, "जरा रेस द्या." रेस दिल्यावर उजेड वाढला, तर मग सलाम, तब्येत, मुलंबाळं. नाही वाढला, तर त्या माणसाला घरी जायची परवानगी नाही.

पडेगावात त्यांची आणि आमची भिंत एकच. सरकारी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं वायरिंग करून ते निवृत्त झालेत. उंच, किंचित वाकलेले, आणि गळ्यात पायजम्याच्या नाडीत अडकवलेला मीटर. माणूस भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकते. साप, विंचू, चोर यांचं त्यांना काही नाही. ते घाबरतात फक्त रस्त्यात बॅटरीचं चार्जिंग जाण्याला. "पेट्रोल संपत आलं तर गाडी सांगती भाभी. टायर बसला तरी सांगती. करंट न सांगता जातो."

त्यांच्या दारात त्यांची स्वतःची जुनी गाडी आहे. रोज सकाळी ती वीस मिनिटं चालू करायची, बॅटरी भरून घ्यायची आणि बंद करायची. आम्ही राहायला आल्यापासून ती गल्लीच्या बाहेर गेलेली मी पाहिली नव्हती.

गाडी तपासायचा त्यांचा क्रम ठरलेला. आधी अर्थ, म्हणजे अर्थिंग. बॅटरीची काळी वायर चासीला जिथं बसते तिथला गंज पॉलिश पेपरनं घासून काढायचा. मग फ्यूज, मग कपलर, म्हणजे वायरींचे जोड, मग करंट तयार करणारी कॉइल, आणि बॅटरीला जाणारा करंट आवरणारा रेग्युलेटर सगळ्यात शेवटी. "लोक आधी बॅटरीच बदलतात. ती बिचारी उपाशी असती. तिला शिव्या कशाला?" या सगळ्याला पाऊण तास लागतो. समोरच्या प्रकाशला मुलगी बघायला जायचं होतं, तेव्हाही पाऊण तासच लागला. पांढऱ्या शर्टावर गंजाचा पंजा उमटवून प्रकाश तिकडे पोचला, तोवर मुलीकडच्यांची जेवणं उरकली होती.

एका गोष्टीवर मात्र ते चिडतात. आमच्याकडच्या मेकॅनिक लोकांची एक जुनी रीत आहे: गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची वायर उपटायची. गाडी बंद पडली नाही, तर चार्जिंग ओके. कुणी असं करताना दिसला की हमीदभाई धावत जाऊन त्याचा हात धरतात. बॅटरी नसली की तो सगळा करंट रेग्युलेटरवर येतो आणि रेग्युलेटर जळतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते अती वाटायचं.

माझं काम विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याचं. नवऱ्याच्या पाठीला मोटारसायकल सोसेना, म्हणून त्याची जुनी गाडी मीच चालवते. त्या दिवशी लासूरच्या पुढे एका वस्तीवर जायचं होतं. मुलांना जुलाब-उलट्या होत होत्या, दोघं दवाखान्यात होती. हमीदभाईंचा पाऊण तास चुकवायला मी गाडी चालू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. हॉर्न जरा बारीक वाटत होता, म्हणून नाक्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. त्यानं चालू गाडीची वायर उपटली. गाडी चालूच राहिली. "ओके आहे मॅडम," तो म्हणाला. मला घाई होती.

वस्तीवर एकच विहीर. तिथले लोक म्हणाले, पाणी खराब असल्याचा कागद आणा, मग विहीर बंद करू. तोवर प्यायचं काय? नमुने बर्फाच्या डब्यात ठेवून मी निघाले. साडेपाचच्या आत ते प्रयोगशाळेत पोचायला हवे होते, नाहीतर वाया. दोन-तीन किलोमीटरवर इंडिकेटर लुकलुकायचा थांबला. हॉर्न दाबला तर आवाजच नाही. मग इंजिन अडखळायला लागलं आणि एका चहाच्या टपरीसमोर गाडी गप्प झाली.

मी सहसा घाबरत नाही. पण त्या दिवशी संपामुळे बस बंद होत्या, जीपा टपापर्यंत भरून चाललेल्या, आणि हात दाखवला तरी कुणी थांबेना. डब्यातला बर्फ हलवला की पाण्याचा आवाज यायला लागला होता. तिकडे त्याच विहिरीत संध्याकाळच्या घागरी पडणार होत्या.

टपरीवरून हमीदभाईंना फोन लावला, नुसतं विचारायला. अर्थ घासला का, फ्यूज बघितला का, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "चालू गाडीची बॅटरी कुणी काढली व्हती का?" मी हो म्हणाले. पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. मग, "तिथंच थांबा."

सव्वातीनला ते आले, दारातल्या त्याच जुन्या गाडीवर. भर उन्हात हेडलाइट लावून, बहुतेक सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. उतरले तर त्यांना स्टँड लावता येईना, गाडी मलाच धरावी लागली. माझ्या गाडीचा रेग्युलेटर त्यांनी हुंगला आणि मान हलवली. स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"निघा. गाडी चांगली हाय."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो."

बसले कुठे, तर रस्त्याकडे पाठ करून. मी डबा बांधत होते, तेव्हा ते आपणहून बोलले. "अन्वरच्या गाडीची बॅटरी मीच काढली व्हती. माझा धाकटा भाऊ. मला बी तवा ती पक्की टेस्ट वाटायची. बोललो, ओके हाय, जा. ह्याच रस्त्यावर अंधारात त्याचा लाइट गेला. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाय."

"वारला?"

"पाय गेला. वैजापूरला असतो. मी गेलोच नाय भाभी. काय तोंड घेऊन जायचं?"

घड्याळ पुढे चाललं होतं. मी निघाले. गाडी एकदाही अडखळली नाही. पाच वाजता नमुने टेबलावर होते. वरिष्ठांना फोन करून अहवालाची वाट न बघता टँकर पाठवायला लावला, आणि विहिरीवर रात्रीच पत्रा पडला.

दिवेलागणीला नवरा आणि मी जीप घेऊन टपरीवर परतलो. माझी गाडी होती, हमीदभाई नव्हते. टपरीवाला म्हणाला, चाचा तासभर रस्त्याच्या कडेला उभे होते. शहराकडच्या दोन गाड्या त्यांनी सोडल्या. मग वैजापूरकडे जाणाऱ्या कांद्याच्या टेम्पोला हात केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. चेहरा जागरणाचा. मी ओसरीवर पाणी आणून दिलं. अर्धा तांब्या प्यायल्यावर म्हणाले, "दार त्यानंच उघडलं. कुबडी घेऊन."

मी तांब्या परत भरला.

"घडीभर बघत राहिला. मी म्हणलं, आता हा दार लावतो. तर आत तोंड करून बायकोला म्हणला, एक भाकरी वाढव, भाई आलाय."