मनकर्णा बीज परीक्षण केंद्र

अर्जातला अनुभवाचा रकाना रिकामा सोडू नका, पण खोटंही लिहू नका, असं नोकरी मार्गदर्शनाच्या तासाला सरांनी बजावलं होतं. पूनम नुकतीच बी.एस्सी. झाली होती. चिखलीजवळच्या एका बियाणे कंपनीत प्रयोगशाळा सहायकाची एकच जागा निघाली होती आणि ती तिला हवी होती. डोणगावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दीपकच्या दुकानात ती नेमकी त्या रकान्यापाशी अडली.

“घरी काही करते का नाही?” दीपकने विचारलं. मागे सातजण रांगेत होते.

“उन्हाळ्यात आईसोबत गावाचं बियाणं तपासते. सहा वर्सं झाले.”

“मंग सांगून काऊन नाही राह्यली?”

त्याने भराभर टाइप करून अर्ज पाठवूनही दिला. पावती पूनमने घरी येऊन वाचली. ‘मनकर्णा बीज परीक्षण केंद्र, डोणगाव. सहा वर्षे. संचालक : मनकर्णाबाई.’ नाव आईचं, खाली मोबाइल नंबरही तिचाच.

“माय, तुले कंपनीचा फोन आला तं?”

“आला तं उचलीन.”

फोन तिसऱ्या दिवशी आला. चंद्रशेखर साहेब, कंपनीचे प्रयोगशाळा प्रमुख.

“आपल्या केंद्रात कर्मचारी किती?”

“दोघी.”

“जागा?”

“ओसरी.”

“उपकरणं?”

“गोणपाट, पानी अन् सुतळी.”

“मान्यता कोणाची आहे?”

“साऱ्या गावाची.”

“आणि पूनमचं काम कसं आहे?”

पूनमने हात जोडले. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. “पोट्टी चांगली हाय, पन घाई करते. मांगच्या साली एकाहत्तरचे बाहत्तर लिवले. म्या पुन्हा मोजायले लावले.”

“एका दाण्यासाठी?”

“एक असो का धा. लिवलं ते खरं पाह्यजे.”

बनावट अनुभवांना कंटाळलेले साहेब शनिवारी स्वतःच जीप घेऊन आले. ओसरीवर केंद्र नव्हतं, फक्त ओल्या गोणपाटाच्या अकरा गुंडाळ्या होत्या. प्रत्येकीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी आणि तारीख. आत शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी. सहाव्या दिवशी उगवलेले मोजायचे. सत्तरच्या खाली उगवण झाली तर गावात ते बियाणं कोणी पेरत नसे, मग पिशवीवर काहीही छापलेलं असो.

“नोंदी?” साहेबांनी विचारलं. मनकर्णाबाईंनी सहा वह्या पुढे ठेवल्या. साहेब उभे राहून चाळत होते, ते खाली बसले.

“ठीक आहे. हिची परीक्षा घेतो.” त्यांनी आपल्या पिशवीतले सोयाबीनचे दाणे वाटीत मोजले. मध्येच त्यांचा फोन वाजला, तोही घेतला. “हे शंभर. लाव.”

पूनमने दाणे मांडले. नऊ ओळी पुऱ्या झाल्या. दहावीत आठच दाणे आले. तिने वाटी उलटी करून पाहिली. साहेबांनी मोजलेलं चुकलं म्हणायचं, तर नोकरी गेली. गप्प राहायचं, तर समोर आई बसलेली.

“सर,” ती हळूच म्हणाली, “अठ्ठ्याण्णव आहेत.”

“शक्यच नाही. मीच मोजलेत.”

साहेबांनी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. मनकर्णाबाईंनी चहा टाकला.

चहा संपेपर्यंत साहेब त्या आठ दाण्यांच्या ओळीकडे पाहत होते. मग म्हणाले, “सोमवारी दहाला रुजू हो. या वह्यांच्या झेरॉक्स घेऊन ये, आमच्या लोकांना दाखवायच्या आहेत.”

जीपपाशी पोचवायला मनकर्णाबाई गेल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “बाई, त्या दोन दाण्यांचं... कुठं बोलू नका.”

“म्या कोणाले सांगू, बाप्पा?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पन सोमवारपासून पोट्टी तुमच्याच हापिसात राहीन. अन् कोनं विचारलं, तं ती खरं तेच सांगते.”