हेडाऊ काकांची गाडी जेवून राहिली

"हळू बोला ना साहेब, ती जेवून राहिली."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकले. पार्किंगमध्ये हेडाऊ काका आमच्या सोसायटीच्या सचिवांना, राऊत साहेबांना, दटावत होते. जेवणारी म्हणजे काकांची पांढरी इलेक्ट्रिक गाडी. भिंतीतली केबल तिच्या पोटात गेलेली आणि समोर घरातला मोठा कूलर लावलेला. मे महिन्यातलं नागपूर. गाडीला गार वारा, आणि काका बनियनवर घाम पुसत उभे.

"काका, हे कूलरचं पाणी पहा कुठवर आलं," राऊत म्हणाले. "रविवारी मीटिंग घेतो आणि हा चार्जिंगचा पॉइंटच बंद करतो."

काकांनी फक्त कूलरची दिशा जराशी बदलली.

हेडाऊ काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरचे. नोकरी मात्र सरकारी कचेरीत केली. काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, त्या अजून तिकडेच आहेत. त्या गेल्यावर काकांनी ही गाडी आणली.

गाडीची केबल ते रोज बोटांतून सरकवत पूर्ण तपासतात. "गाठ पडली का करंट अडते. सुताचं तसंच असते." विजेचं तसं नसतं, असं मी एकदा धीर करून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तू हातमाग पाह्यला काय कधी?"

नव्हता पाहिला. विषय संपला.

बॅटरीबद्दल त्यांचा एकच नियम : ऐंशीच्या वर नाई, विसाच्या खाली नाई. जाता-येता मला आकडा सांगतात, "एकोणऐंशी झाली वं." मी इंग्रजी शाळेतली. एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाइन की एटी नाइन, हे ठरेपर्यंत मी नुसती मान डोलावते. ते त्यांनी बरोबर ओळखलं.

"काहून वं, तुमच्या शाळेत ऐंशीच्या आजूबाजूले आकडेच नव्हते का?"

तरी मोबाइलमधलं ॲप लावून द्यायला त्यांनी मलाच बोलावलं. मी ऐंशीची मर्यादा घालून दिली. रोज केबल लावली की ती नव्याने लागू, आणि तेवढी भरली की चार्जिंग आपोआप बंद.

"आपोआप? म्हणजे कोणी काहीच नाई करायचं?" काकांचा आवाज जरा पडला. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसला नसावा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काका आमच्या दारात. "शंभर झाली ना बाप्पा. भरलेली ठेवली का बॅटरी खराब होते, उतरवा लागते. चाल, तुले ऑफिसले सोडून देतो." नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी गेले.

हळूहळू बॅटरी उतरवण्याच्या कामाला सगळी बिल्डिंग लागली. देशमुख काकू भाजीला जवळच जात, त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याच्या बाजारात जाऊ लागल्या. राऊत साहेबांच्या सासऱ्यांना काका थेट गावी, खाप्याला पोचवून आले. एसी मात्र कोणालाच मिळाला नाही. खिडक्या उघड्या, झळा तोंडावर, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले आम्ही.

"काका, बॅटरी उतरवायचीच आहे तर एसी लावा ना," हे म्हणायला मला बऱ्याच फेऱ्या लागल्या.

"एसी लावला का लवकर उतरते ना," काका म्हणाले आणि फुटाळा तलावाकडे वळले. माझं ऑफिस उलट दिशेला आहे.

राऊतांनी मीटिंगची धमकी दिली त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी मी ऑफिसहून परतले. काका गाडीशेजारी स्टुलावर बसले होते, मोबाइल डोळ्यांजवळ धरून. माझ्या पावलांचा आवाज सहसा कोणाला येत नाही. अंगठ्याच्या एका फटक्यात त्यांनी माझी ऐंशीची मर्यादा काढून टाकली. रोजचं काम असावं तसं. मग मान वर करून एकेका खिडकीकडे पाहत पुटपुटले, "देशमुखबाई काल झाल्या. राऊत तं आता येत नाई. उद्या वरच्या पोरीले विचारू."

मी तशीच मागे फिरले, फाटकाबाहेर गेले आणि चपला वाजवत पुन्हा आत आले.

"आली का वं?" काकांनी मोबाइल खिशात टाकला.

रविवारी मीटिंग झाली. राऊत म्हणाले, पार्किंगमध्ये चिखल होतो, आणि या उन्हात ती बॅटरी फुटली तर?

"कूलर काढतो मी," काका म्हणाले. "पॉइंट राहू द्या. तो गेला तर गाडी इकावी लागन. पोरगा तसाही मागं लागला आहे, एकट्याले काहाले पाह्यजे म्हणते."

त्या गाडीत बसून झालेले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये पाहू लागले.

"मग रोज शंभर कशाला भरता?" राऊतांनी विचारलं. "भरायचं आणि लोकांना घेऊन हिंडायचं. ऐंशीला बंद होते ना ती? ॲप या पोरीनंच लावून दिलं म्हणता. काय वं, होते की नाही बंद?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. या मीटिंगांमध्ये मी आजवर एक शब्द बोलले नव्हते. काका आपल्या चपलांकडे पाहत होते, मर्यादा काढणारा तो अंगठा मुठीत दाबून.

"ते ॲप बिघडलंय," मी म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. बॅटरी उतरवावीच लागते. उद्या माझी पाळी आहे, पॉइंट राहू द्या."