निवृत्तीतात्यांच्या बोलक्या फरश्या

तेरच्या शाळेत बदली झाली, तेव्हा भाड्याच्या घरात आम्ही सामान लावत होतो आणि एक गृहस्थ सरळ आत आले. डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट, हातात लोखंडी पाना. ना रामराम, ना ओळख. त्यांनी आधी भिंतीवर पाना वाजवला, मग माठावर, मग गॅसच्या टाकीवर. कान तिरका करून म्हणाले, "भिंत बोलती. माठ बी बोलतोय. टाकी संपत आलीय, नंबर लावून ठिवा." आणि मग हात जोडले. "म्या निवृत्ती. शेजारचा."

टाकी चौथ्या दिवशी संपली. तेव्हापासून माझी बायको तात्यांना फार मानते.

निवृत्तीतात्या बसडेपोत मेकॅनिक होते. गाडी सुटायच्या आधी एकेका टायरवर पाना मारून हवा ऐकायची, यात त्यांची उमर गेली. नोकरी संपली, पाना हातातच राहिला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार. एक बोलणाऱ्या वस्तू, दुसऱ्या मुक्या. बाजारात कलिंगडवाला त्यांना लांबून बघितलं की ढिगावर ताडपत्री ओढायचा. पुतणीला बघायला मुलगा आला, तेव्हा तो आत पोहे खात होता आणि तात्या बाहेर त्याच्या मोटरसायकलीची चाकं वाजवत होते. आत येऊन भर बैठकीत म्हणाले, "पुढच्या चाकात हवा न्हाय. एवढ्या लांबनं आला आन् ह्याला कळलं न्हाय. पोरीच्या मनातलं काय कळणार?" मुलगा मुकाट उठला, हवा भरून आला. तात्यांनी पुन्हा पाना मारला. "आता बोलतंय. द्या पोरगी." लग्न झालं, आणि संसारही चांगला चाललाय.

पण तात्यांचा खरा जीव होता छपरात.

त्यांचं घर म्हणजे दगडी भिंतींच्या तीन खोल्या. वर सागवानी वासे आणि वाशांवर कौलांसारख्या उतरत्या रचलेल्या शहाबादी फरश्या. आजोबांनी घातलेल्या. गावात सगळीकडे स्लॅब पडले, कुठं पत्रे आले. तात्यांच्या फरश्या तशाच. दर उन्हाळ्यात ते छपरावर चढत, एकेक फरशी पान्यानं वाजवत आणि खाली उभ्या असलेल्या मला निकाल सांगत. शिडी धरायचं काम माझ्याकडं होतं.

"गुर्जी, ही ऐका." टण्ण. "आन् ही." टण्ण. "आता ही." थप्प. "गेली बिचारी. आतनं चिरलीय."

रशीद मिस्त्री रस्त्यानं जाताना हमखास थांबायचा. "तात्या, किती दिवस दगडं सांभाळताय? पत्रा टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल."

"पत्रा म्हंजी छप्पर हाय व्हय? डब्बा हाय त्यो. त्यात माणसानं मसाल्यावानी बसायचं का?"

गेल्या उन्हाळ्यात तशा दोन फरश्या मुक्या निघाल्या. त्याच जाडीच्या फरश्या मिळेनात. नव्या फरश्या तात्यांना पसंत नव्हत्या. त्या फार चिरक्या आवाजात बोलतात म्हणे. शेवटी परंड्याला कुणाचं तरी जुनं घर उतरवतायत असं कळलं. तात्या पहाटेच्या गाडीनं गेले आणि दिवसभर ढिगातल्या फरश्या वाजवून दोन पसंत करून आले. येताना एक बसच्या टपावर टाकली. दुसरी घोंगडीत गुंडाळून खिडकीपाशी शेजारच्या सीटवर बसवली. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट काढा." तात्या म्हणाले, "सीटवर बसलीय, फुल्ल काढ." उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "आजोबा, कोण आजारी हाय का?" तर म्हणाले, "न्हाय, चांगली खणखणीत हाय. पण धक्का सोसत न्हाय तिला."

फरश्या बसल्या, गळती थांबली. आणि मग तात्यांच्या डोक्यात माळा आला.

मधल्या खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा होता. त्यावर कणग्या, मोडकी तिफण, डेपोतून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला आणि कधीच न चाललेला टेबलफॅन, असा संसार. तात्यांनी तो सगळा खाली काढला आणि जाहीर केलं, "वर खोली करणार."

आता एकटा माणूस. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, लेक सोलापूरला नांदतेय. खाली तीन खोल्यांत तात्या आणि त्यांचा पाना. वर खोली कशाला? विचारलं तर म्हणत, "असू द्या की."

एके दिवशी ते आमच्याकडं आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, जरा माळ्यावर येऊन उभ्या ऱ्हाता का?" ती गेली. मीही मागून गेलो आणि तुळईवर डोकं आपटून घेतलं. तात्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. "गुर्जी, तुमचं माप नकोय मला." बायकोच्या डोक्यापासून वाशापर्यंत वीतभर जागा मोजली. मग पुटपुटले, "हिच्याहून चार बोटं बुटकी धरायची. बास हुतंय."

एवढं गावाला पुरे होतं. तात्यांनी बुटकी बायको ठरवलीय, ही बातमी पारावर पोचायला संध्याकाळ लागली नाही. कुणी म्हणालं तुळजापूरची आहे, कुणी म्हणालं नर्स आहे. रशीदनं तर जिन्याच्या पायऱ्या घालताना विचारलंच, "तात्या, पायरी किती उंच ठिवू? नवरीला चढाया आली पायजे." तात्या म्हणाले, "ठेंगण्या घाल. गुडघे दुखत्यात तिचे." रशीदची थापी हातातच राहिली.

दिवाळीपर्यंत खोली झाली. फळ्यांवर गुळगुळीत पॉलिश, उत्तरेला खिडकी, जिन्याला धरायला दोर. दाराला पितळी कडी. मार्गशीर्षात थंडी पडली आणि एका दुपारी बसमधून तात्यांबरोबर एक बुटकीशी म्हातारी उतरली. हातात एक पिशवी, आणि गुडघ्यावर हात ठेवत चालणं. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

ती गंगाआक्का. तात्यांची थोरली बहीण, सास्तूरला दिलेली. तिचा मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता, त्याच्या एका खोलीत तिला करमेना, म्हणून तात्या तिला कायमचं घेऊन आले होते.

आक्कानं अंगण झाडलं, चहा घेतला, मग तात्या तिला वर खोली दाखवायला निघाले. मी खाली उभा. आक्का चार पायऱ्या चढली, वर बघितलं, आणि थांबली.

"लई झ्याक केलंस रं, निवृत्ती," ती म्हणाली. "पण म्या आपली अंगणात बरी."

त्र्याण्णवच्या भूकंपात आक्काचं सास्तूरचं घर पडलं होतं. दगडाच्या भिंती, वर फरश्यांचा आणि मातीचा भार. नवरा आणि धाकटी लेक आतच राहिले. पुढं सरकारी घर मिळालं, गाव नवं वसलं. आक्का मात्र बाहेर उघड्यावर बाज टाकून झोपायची. माहेरी आली तरी अंगणात. तात्यांना हे ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं होतं, आता आक्काला दमा झालाय, थंडी सोसत नाही, चांगली खोली केली, छप्पर पक्कं केलं, की ती येईल आत.

त्यांनी खिशातून पाना काढला. वर माळ्यावर जाऊन, वाकून, छपराच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. टण्ण. टण्ण. एकेक फरशी. "बघ आक्का, बोलती. ही बी बोलती. एक बी मुकी न्हाय. आज्जाच्या हायत."

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आमच्या बी बोलत व्हत्या की रं."

तात्यांचा हात तसाच वर राहिला. आक्का दोर धरून एकेक पायरी उतरली आणि अंगणात तिनं आपली बाज टाकली.

चार दिवस असेच गेले. सकाळी आम्ही उठायचो तेव्हा अंगणात आक्काचा खोकला ऐकू यायचा आणि तात्या तिच्या बाजेपाशी शेगडी पेटवत बसलेले दिसायचे. पाचव्या दिवशी ते रशीदला घेऊन आले. मला म्हणाले, "गुर्जी, शिडी धरता का?"

"काय बदलायचंय?"

"समद्या उतरवायच्यात. पत्रा टाकायचाय."

रशीद गांगरला. "अवं तात्या, मी मस्करी करत व्हतो. इतक्या चांगल्या फरश्या..."

"चांगल्याच हायत," तात्या म्हणाले. "उतरव."

पहिली फरशी त्यांनी स्वतः उचलली. दोराला बांधली, हळूच खाली सोडली. आक्का बाजेवर बसून बघत होती. "आरं, माझ्यापायी आज्जाचं छप्पर मोडतूस व्हय?" ती ओरडली. तात्यांनी वरूनच सांगितलं, "तुझ्यापायी न्हाय. म्या म्हातारा झालोय, दर उन्हाळ्याला चढाया हुत न्हाय." हा माणूस त्या वेळी वाशावर उकिडवा बसून वीसेक किलोचा दगड एका हातानं सावरत होता.

तीन दिवसांत छप्पर रिकामं झालं, आणखी दोन दिवसांत पत्रा आला. आतून पातळ फळ्या मारल्या, वरून पांढरा रंग दिला, उन्हानं तापू नये म्हणून. रशीदनं मजुरी सांगताना पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी वर्तमानपत्र द्यायला गेलो. अंगणातली बाज रिकामी होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर तात्या पाय पोटाशी घेऊन बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मी शेजारी टेकलो. मग अगदी माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले,

"झोपलीय. दोन तास झाले."

"वर?"

त्यांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी उगाच सारखी केली.

"गुर्जी," ते म्हणाले, "आतनं कडी लावून झोपलीय."