अकराचे चार हजार

फेसशास्त्री रोज सकाळी दात घासण्याआधी कॉम्प्युटर उघडत. आपल्या शोधनिबंधाचा उल्लेख जगात कुणी आपल्या निबंधात केलाय का, हे त्यांना पाहायचं असे. अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात आणि शास्त्रज्ञाची पत त्यावर ठरते. फेस लवकर का विरत नाही, या एकाच प्रश्नावर त्यांनी भौतिकशास्त्रात उमेदीची सगळी वर्षं घालवली होती, म्हणून संस्थेत त्यांना हे नाव पडलं. घरी ते भांडी घासायला उभे राहिले की फेसाकडे बघत बसत आणि भांडी बायको घासे. सायटेशनं एकूण अकरा. त्यातली नऊ त्यांनी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून केलेली, दोन त्यांच्या विद्यार्थ्याची, तीही बिचाऱ्याला डॉक्टरेट मिळेपर्यंतच.

त्या दिवशी मात्र आकडा चार हजारांच्या वर दिसला.

"अगं ए! चार हजार!"

"काय, लाइटबिल?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"सायटेशन! गुरांचे डॉक्टर, कोंबड्यांचे तज्ज्ञ, दूधवाले, सगळे माझं वाचतायत!"

"कोंबड्यांना तुमचा फेस कशाला लागतो?"

"विज्ञान एकच असतं गं. शाखा आपण पाडतो."

"बरं. आधी दात घासा."

तोंड धुऊन आल्यावर त्यांनी यादीतला एक निबंध उघडलाही. तो गाईच्या कासेच्या सुजेवर होता आणि त्यात फेसाचा फ सुद्धा नव्हता. मनात पाल चुकचुकली. पण संचालकांनी बजावून ठेवलं होतं, "तुमच्या कामाचा इतर शास्त्रांना काय उपयोग, ते महिनाअखेर दाखवा. नाहीतर तुमची प्रयोगशाळा झेरॉक्स मशीनला." शास्त्रींचा जीव त्या खोलीत अडकलेला. त्यांनी निबंध हळूच बंद केला आणि आकडा तेवढा उघडा ठेवला.

संचालकांनी आकडा पाहिला आणि उठून खुर्ची दिली. दुपारपर्यंत फलकावर अभिनंदन लागलं. चहाच्या वेळेपर्यंत संचालकांनी ही बातमी फोनवरून आपल्या सासऱ्यांनाही सांगून टाकली होती. सासऱ्यांचा गावाबाहेर गोठा होता.

"शास्त्रीबुवा, चला," संचालक धापा टाकत आले. "सासऱ्यांची गाय फुगलीय. म्हटलं, जगातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ आमच्याच संस्थेत बसतो!"

"अहो, मी... सिद्धान्त... म्हणजे हात लावायचा माझा..."

"विनय पुरे. गाडी चालू आहे."

घरच्या मांजराला घाबरून स्टुलावर चढणारे शास्त्री गोठ्यात जाऊन उभे राहिले. गाय डाव्या अंगाने टम्म फुगली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी संचालकांच्या पाठीमागची जागा पाहिली.

"डॉक्टर, बघा ना लवकर! घरातली लेक आहे ती," सासरे रडकुंडीला आले होते. "तसा मी नेहमीच्या डॉक्टरांनाही निरोप धाडलाय, पण तुमच्यापुढे ते काय?"

शास्त्रींना त्या म्हाताऱ्याकडे बघवेना. "काका, मी गुरांचा डॉक्टर नाही हो," ते बोलून गेले. "त्या आकड्यात काहीतरी घोटाळा आहे. मला सकाळीच कळलं होतं."

संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात दारात गमबूट घातलेला एक आडदांड गृहस्थ आला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. नाव शास्त्रींचंच, आडनाव तेच, बापाचं नावसुद्धा तेच. शास्त्रींनीही आपलं सांगितलं.

"म्हणजे ते तुम्ही!" डॉक्टर गडगडाटी हसले. "कॉम्प्युटरने आपल्या दोघांचं लग्न लावून दिलं की! माझ्या नावावर आज फेसाचे निबंध चढलेत. एक वाचला मी."

"वाचला?" शास्त्री एक पाऊल पुढे आले. "पूर्ण?"

"पूर्ण. गणितं सोडून. आता मला सांगा, हिच्या पोटात फेस झालाय. वायू त्यात अडकतो, ढेकर येत नाही. आम्ही तेल पाजतो, फेस बसतो. आयुष्यभर पाजतोय, पण तो का बसतो?"

शास्त्री मांजर विसरले, संचालक विसरले. बाही सरसावून त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बुडबुडे काढले. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पातळ भिंतीत कसा शिरतो आणि तिला कशी फाडतो, हे ते सांगत राहिले. डॉक्टर एका हाताने नळीतून तेल सोडत होते आणि "अस्सं! अस्सं!" म्हणत होते.

"मग थेंब जितका बारीक, तितकं लवकर?"

"अर्थात! तेल आधी पाण्यात घुसळून घ्या."

डॉक्टरांनी तसं केलं आणि गाईची कूस चोळली. थोड्या वेळाने गाईने मान लांब केली आणि जी ढेकर दिली, ती थेट समोर वाकलेल्या संचालकांच्या तोंडावर. सासरे आनंदाने नाचायचेच बाकी होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "ह्यांची खोली काढून घेतलीत, तर माझ्या दारात पाऊल टाकू नका."

दोन दिवसांत कॉम्प्युटरची चूक दुरुस्त झाली. चार हजारांचा आकडा डॉक्टरांकडे परत गेला आणि शास्त्रींकडे अकरा उरले. फलक उतरला, खोली राहिली, झेरॉक्स मशीन जिन्याखाली गेलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी घरात अशी आरोळी उठली, की बायकोच्या हातातलं पातेलं पडलं.

"अगं ए! बारा!"

"चार हजारांनासुद्धा एवढे ओरडला नव्हतात!"

"ते माझे कुठे होते? हा बघ, गाईच्या पोटफुगीवरचा निबंध. अगं, वाचून लिहिलंय गं त्या डॉक्टरांनी!"

तिने पदराला हात पुसून पडद्यावरची ती एकच ओळ बोट लावून सावकाश वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "आज दात नंतर घासलेत तरी चालेल."