कपाटातले पुंजाजीभाऊ

शेजारी शिडी मागायला गेलो, तर आतल्या खोलीतल्या कपड्यांच्या मोठ्या कपाटातून कण्हण्याचा आवाज येत होता. कुणीतरी अडकलं, असं समजून मी सगळा जोर लावून दार ओढलं. आत गोधड्या टांगलेल्या आणि मधोमध बनियनवर, घामाघूम, नाकासमोर माइक धरून बसलेले पुंजाजीभाऊ!

"काहून उघडलं जी? चांगलं भजन चालू होतं!"

मी घाबरून दार परत लावलं. त्यांच्या बोटांवर.

पुंजाजीभाऊ जन्मभर शेंदूरजनाघाटला संत्र्याचा व्यापार करून आता अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आलेले. गाण्याशी संबंध एवढाच, की लिलावात आवाज चढा लागायचा. पण महिनाभरापासून स्वस्तातला माइक, पुतण्याचा जुना लॅपटॉप आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं सॉफ्टवेअर यांवर त्यांचं रेकॉर्डिंग चाललं होतं; ते कपाटात बसून चालतं, हे मात्र मला आजच कळलं. "फुकट हाय, पन फालतू नाही," हे दिवसातून दहादा. माइकवर फुंकर जाऊ नये म्हणून भरतकामाच्या रिंगला वहिनींच्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणलेला. भर वैशाखात कूलर बंद, फ्रिजही बंद. दूध रोज नासायचं. भाजीवाला ओरडत आला की त्याला गप्प करायला भाऊ वांगी घ्यायचे. आठवडाभर त्या घरात वांगीच शिजत होती.

"भाऊ, हे सगळं कशासाठी?" त्यांची बोटं थंड पाण्यात बुडवत मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला. "सोमवारी हिच्या घशाचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हन्ते, आवाज राहीन का जाईन, सांगता येत नाही. मी नुसता हात बसवून राहिलो. भरायचा तं हिचाच आवाज हाय. भुलाबाईची सारी गानी येतेत तिले. पन माइकसमोर ते म्हनूनच नाही राहिली."

महिनाभर घरी मी या माणसाची नक्कल करून दाखवत होतो!

"एकटीनं म्हन्तेत का भुलाबाईची गानी?" वहिनी आतून कडाडल्या. "टाळी द्याले दुसरी नको?"

माझी बायको जवळच्याच भातकुली गावची, म्हणजे मुलींनी मिळून म्हणायची ही गाणी तिलाही ठाऊक असणार. रविवारी दुपारी पलंगाभोवती गोधड्या टांगल्या आणि दोघी आत शिरल्या. वहिनींचा घोगरा आवाज असा काही चढला, की माझ्या अंगावर काटा आला. त्यात पंचवीस वर्षं माझ्या घरात राहणारी बाई गाते, हा धक्का वेगळाच.

गाणी संपली. दोघी हसल्या. वहिनी विचारू लागल्या, "लोनच्यात मेथी किती टाकता वो तुमी?" मग आवाज चढवून, "अवो, कूलर लावा आता! उकडून राहिलो आमी!"

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला. भाऊंनी मनगट धरलं.

"राहू द्या, बावा," ते कुजबुजले. "गानी तं तुमच्या घरूनबी मिळतीन. हे बोलनं मी कोठून आनू?"

घरी येताना बायको फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "आन् तुमी! मी बोलाले लागली, का टीव्हीचा आवाज वाढवता."