सीट कुणी मागे घेतली?

गाडीची फुटलेली काच आपणच झाडून टाकायची आणि पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही, असं तराजूरावांनी ठरवलं. निर्णय उत्तम होता. तो त्यांनी पाळला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता.

तराजूराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी उभी हयात इन्स्पेक्टर म्हणून काढली. दुकानदाराने काट्याखाली नखाएवढं शिसं चिकटवलेलं असलं तरी ते त्यांना दारातूनच दिसायचं. म्हणून इमारतीतल्या लोकांनी हे नाव पाडलं. (आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी तेही फोन उचलून "तराजूराव बोलतोय" म्हणू लागले.)

रात्रीतून गल्लीतल्या पाचसहा गाड्या फुटल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाची गाडीही त्यात होती. विमावाले झोपेतून उठले तेव्हा त्यांचा फक्त लॅपटॉप गेला होता. चहा होईपर्यंत त्यात कॅमेऱ्याची भर पडली, आणि अंघोळ करून खाली आले तेव्हा एक लेदरचं जॅकेटही गेलेलं होतं. तराजूरावांच्या गाडीतून मात्र काहीच गेलं नव्हतं. चोराने खण उचकला होता. त्यातलं जुनं फडकं, वाळलेलं पेन आणि सर्दीची गोळी बघून त्याने ते सगळं तसंच ठेवलं होतं. चोरानेही नाक मुरडावं अशी आपली गाडी, याचं तराजूरावांना जरा वाईटच वाटलं.

काचा झाडून झाल्या. आता नवी काच बसवून आणावी म्हणून ते गाडीत बसले.

तराजूराव उंचीला चांगलेच लांबलचक, त्यामुळे त्यांचं गाडीत बसणं हा बघण्यासारखा प्रकार असे. आधी एक पाय आत, मग मान वाकवून डोकं, मग श्वास सोडून पोट, आणि बाहेर राहिलेला दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत. एवढं झालं की गुडघे डॅशबोर्डला टेकायचे आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांना धाप लागायची. आज ते बसले आणि गुडघे कशालाच टेकले नाहीत. पाय पसरले. पाठ टेकली. 'अहाहा,' असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आणि मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सीट मागे गेली होती.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. गाडी त्यांच्या बायकोची होती. लायसन्स दोघांकडे होतं, पण चालवायची तीच, आणि तराजूराव शेजारी बसायचे. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तिच्यानंतर पहिल्यांदा ते गाडीत शिरले तेव्हा चालकाची सीट बरीच पुढे ओढलेली होती. ती तशी बसायची तर! त्यांनी सीट सरकवायच्या लिव्हरला हात लावला नाही. घडीच्या खुर्चीसारखं स्वतःला दुमडून त्या जागेत कोंबलं आणि तेव्हापासून तसेच बसत आले. गुडघे सुजले. लेकीने डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी वयाला दोष दिला आणि गोळ्या लिहून दिल्या. तराजूरावांनी गोळ्या मुकाट्याने खाल्ल्या, पण सीटचं कारण कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. बायकोचे कपडे नातेवाइकांनी नेले होते, तिचा फोन बंद झाला होता, तिची उशी कुणीतरी चांगल्या मनाने धुऊन टाकली होती. एवढी एक जागा तेवढी राहिली होती, ती चोराने हलवली.

त्यांचा हात लिव्हरकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. पुढे घ्यायची, पण किती? आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने घरचं हे एवढं माप कुठे टिपून ठेवलं नव्हतं. बायको काही मोजून ठेवायची वस्तू आहे, असं कधी कुणाच्या मनात येतं का?

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सीट किती मागे गेली हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो म्हणजे चोर. सीट आहे तिथेच राहू द्यायची, चोर पकडायचा, किती खाचा मागे घेतलीस ते त्याला विचारायचं, आणि तितक्याच पुढे आणायची. ते अलगद, शेजारच्या दाराने बाहेर पडले आणि चालतच पोलिस ठाण्याकडे निघाले.

ठाण्यात एक जाडजूड हवालदार वैतागून लिहीत बसला होता.

"काय काय गेलं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

"मग काच फुटली एवढंच ना? नाव सांगा, लिहून घेतो, या तुम्ही."

"काचेचं काही नाही हो. त्याने सीट मागे घेतलीय."

हवालदाराने मान वर केली. "मग?"

"मग काय? पुढे होती ती."

"मग घ्या पुढे."

"किती?"

"तुम्हाला बरं वाटेल तेवढी घ्या, काका!"

"मला बरं वाटतंय म्हणूनच तर तक्रार आहे!"

हवालदाराने पेन खाली ठेवलं. तराजूरावांना वाटलं, आता याला पटतंय. ते आणखी पुढे झुकले. "सीटखालच्या लिव्हरवर त्याच्या बोटांचे ठसे असणार. ते घ्या आणि त्याला पकडा. मारू नका हं त्याला. काचेचंही जाऊ द्या. मला त्याला फक्त एक विचारायचंय, किती खाचा मागे घेतलीस म्हणून. तो सांगेल. माणूस आपण केलेलं काम विसरत नाही."

"अहो काका," हवालदाराचा आवाज चढला, "सकाळपासून माणसं रडत येतायत. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा टेप. त्यांच्याकडे बघायला मला सवड नाही, आणि तुम्ही सीट घेऊन आलात! तुमचं काय कुणी मेलंय का?"

"हो," तराजूराव म्हणाले. "बायको."

समोरच्या कागदावर हवालदाराने उगाचच एक रेघ ओढली.

"तिची सीट होती ती," तराजूराव म्हणाले. "म्हणजे, तिने ठेवली होती तशी होती."

हवालदाराने टोपी घातली आणि खुंटीवरची मोटरसायकलची चावी काढली. "चला," तो म्हणाला.

(लॅपटॉपसाठी जे पोलिस येत नाहीत ते सीटसाठी आले, हे त्या गल्लीत पुढे कुणाला खरं वाटलं नाही.)

मोटरसायकल इमारतीसमोर थांबताच विमावाले धावत आले. "आलात का साहेब! या, या. हा बघा, इथे माझा लॅपटॉप होता, इथे कॅमेरा—"

"थांबा हो," हवालदार म्हणाला. "इथे गंभीर प्रकार आहे. तुम्ही पंच म्हणून उभे राहा."

विमावाल्यांनी तराजूरावांना बाजूला घेतलं. "काय गेलं तुमचं?"

"सीट मागे सरकवलीय."

"तेवढंच?" विमावाल्यांचा आवाज कळवळला. "अहो, नुसती सीट काय सांगता! म्युझिक सिस्टिम गेली म्हणा."

"गाडीत सिस्टिम नव्हतीच."

"म्हणजे नाहीये ना आता? मग गेली म्हणायला काय हरकत आहे?"

तराजूरावांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नोकरीतली मोजमापाची स्टीलची टेप वरून आणली होती आणि ती हातात घट्ट धरून ते हवालदाराच्या मागे मागे फिरत होते. हवालदार दारात वाकला. त्याला सीटखालचं दिसेना. गुडघ्यावर बसला, तरी दिसेना.

"आत बसून बघतो," तो म्हणाला.

"हात लावू नका, साहेब!"

"हात कुठे लावतोय? बसतोय फक्त."

तो बसला. म्हणजे निम्मा बसला आणि उरलेला स्टिअरिंगशी अडला. पोट पुढे जाईना, पाठ मागे जाईना, श्वासही अडकला. अशा वेळी कुठल्याही जाड माणसाचा हात आपोआप जिथे जातो तिथेच त्याचा हात गेला. खर्रर्र करत सीट मागे सरकली आणि शेवटच्या खाचेत खट्कन बसली.



"आयला," हवालदार हळूच म्हणाला. "काका, चुकून झालं."

तराजूराव मटकन फुटपाथवर बसले आणि रडायला लागले. बायको गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. लोक येत होते, खुर्च्या कमी पडत होत्या, आणि त्या कुठून आणायच्या हेच ते बघत बसले होते. त्यानंतर रडायचं राहूनच गेलं. आता भर सकाळी, पोलिसासमोर, हातात टेप धरून ते हुंदके देत होते. विमावाले लॅपटॉप विसरले आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागले. हवालदाराला गाडीतून उतरावं की बसून राहावं ते कळेना. अशा वेळी धडपडत बाहेर निघणं बरं दिसणार नाही, असं वाटून तो बसून राहिला.

तेवढ्यात लेक आली. काच फुटल्याचं विमावाल्यांनी फोनवर सांगितलं म्हणून ती निघाली होती. येऊन पाहते तो गाडीत पोलिस आणि फुटपाथवर बाप रडतोय.

"काय केलंत माझ्या बाबांना?" ती हवालदारावर कडाडली.

"मी फक्त सीट मागे घेतली, ताई!"

"सीट मागे घेतली म्हणून हे रडतायत?"

"हो," हवालदार आणि विमावाले एकदमच म्हणाले.

मग तराजूरावांनी नाक पुसत पुसत तिला सगळं सांगितलं. वर्षभर गुडघे कसे दुमडले, गोळ्या का खाल्ल्या, चोराला काय विचारायचं होतं, सगळं. लेक ऐकत ऐकत त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसली. तिचा चेहरा बघून विमावाले दोन पावलं मागे सरले.

"बाबा," ती म्हणाली, "ती सीट आईने ठेवली नव्हती. मी पुढे घेतली होती."

"तू? कधी?"

"आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा. तुम्ही सामान घेऊन टॅक्सीने मागून आलात. माझ्या शेजारच्या सीटवर ऑक्सिजनचा सिलिंडर बांधला होता, म्हणून आईला माझ्या मागे बसवलं. तिचे पाय सुजले होते, दुमडत नव्हते. त्यांना जागा व्हावी म्हणून मी सीट ओढली, माझे गुडघे अडकेपर्यंत. घरी आल्यावर गाडी लावली ती लावली. त्यानंतर आई गाडीत बसलीच कुठे?"

तराजूरावांनी मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे अजून काचेचा थोडा चुरा राहिला होता.

"तिचे पाय नीट मावले होते ना?" त्यांनी विचारलं.

"मावले, बाबा. वाटेत झोप लागली तिला."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. हवालदार आता कसाबसा उतरून टोपी हातात घेऊन उभा होता.

"मग तुझी आई कुठे ठेवायची सीट?"

"आत्ता आहे तिथेच. अगदी शेवटी, मागे. आरामखुर्चीत बसल्यासारखी रेलून चालवायची. मी किती ओरडायचे तिच्यावर."

"असं कसं होईल? मी रोज शेजारी बसायचो तिच्या!"

"बसायचात ना. डोळे गच्च मिटून. गल्लीतून गाडी निघाली की मिटायचात ते ऑफिस आल्यावर उघडायचात. आई सगळ्यांना सांगायची, 'यांना गाडीत छान झोप लागते.' झोप कसली हो! तिच्या चालवण्याची भीती वाटायची तुम्हाला."

विमावाल्यांना हसू आवरेना, म्हणून ते खोकले. तराजूरावांची बायको इतकी वर्षं त्यांच्या शेजारी रेलून बसली होती, मजेत, पाय पसरून, आणि त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"काका," हवालदाराने अदबीने विचारलं, "चोर सापडला तर त्याला काय सांगू?"

"सोडून द्या त्याला," तराजूराव म्हणाले.

"आणि माझा लॅपटॉप?" विमावाले कळवळून म्हणाले आणि हवालदाराचं बखोट धरून त्याला आपल्या गाडीकडे घेऊन गेले.

लेकीने बापाला हात देऊन उठवलं. काच तर बसवायला हवीच होती. ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तराजूरावांनी एक पाय आत टाकला, डोकं वाकवलं, आणि पुढचं काही करावंच लागलं नाही. ते आपोआप आत गेले. गुडघ्यांना जागा होती, पाठीला जागा होती. ते मागे रेलले. तर तिला इथून रस्ता असा दिसायचा. समोरचं सगळं त्यांना अंधुक दिसू लागलं. त्यांनी चावी फिरवली, गाडी गचका देऊन हलली आणि गल्लीतून बाहेर पडली.

"बाबा," लेक दाराची मूठ धरून म्हणाली, "डोळे उघडा. आज गाडी तुम्ही चालवताय."