चार वाजताचे पफ

ओव्हनमध्ये पफ फुगत असताना दार उघडायचं नसतं, ही एवढी एक गोष्ट रसिका दोन वर्षं नवऱ्याला सांगत आली होती आणि शनिवारी सकाळी स्वप्नीलनं नेमकं तेच केलं.

"झालं का बघतोय," तो म्हणाला.

झालंच. चाळीसच्या चाळीस पफ त्याच्या डोळ्यांदेखत खाली बसले.

"आता मी काय करू?"

"काही नको. तू हॉलमध्ये जाऊन बस आणि मी सांगेपर्यंत उठू नकोस."

संध्याकाळी स्वप्नीलच्या ऑफिसातली आठ माणसं जेवायला यायची होती. त्याला प्रमोशन मिळालं होतं. जेवण बाहेरून येणार होतं, पण स्टार्टर मात्र घरचे, हे रसिकानं आठवडाभर आधी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. आता हे पफ म्हणजे बघायला गेलं तर काही नाही. पाणी, लोणी, मैदा, मीठ गॅसवर घोटायचं, गार झालं की एकेक करून चार अंडी फेटायची, गोळे घालून भाजायचे. नशीब असेल तर गोळा फुगतो, आतून पोकळ होतो आणि त्यात चीज, मका, काय हवं ते भरता येतं. रसिकाचं नशीब दोन वर्षांत एकदाही फुगलं नव्हतं.

परळहून भाईंदरला, या नवघरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून तिला हे वेड लागलं होतं. नोकरी सुटलेली, ओळख कुणाची नाही, स्वप्नील सकाळी आठला जायचा तो रात्री नऊला यायचा. मग मोबाइलवर बघून बघून खारी, टार्ट, पफ. बिघडलेलं सगळं खायला शेजारचे दशरथकाका. इथलेच जुने रहिवासी, मिठागरात जन्म घालवलेले. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. रसिका चार वाजता भिंतीवर दोन थापा मारून "काका, या हो" म्हणून हाक मारायची, काका यायचे, खुर्चीत बसून जे समोर येईल ते संपवायचे आणि बोटं पुसत म्हणायचे, "मीठ बरोबर पडलाय." याच्यापुढे एक अक्षर नाही. स्वप्नील सगळ्यालाच मस्त म्हणायचा, तेही मोबाइलवरून डोळे न उचलता, त्यामुळे त्याच्या मस्तला काडीची किंमत नव्हती. काकांनी एकदा तरी मिठाच्या पुढे जावं आणि चांगलं झालंय म्हणावं, एवढीच बाईची इच्छा होती. पार्टी नंतरची गोष्ट.

चौथा घाणा पावणेअकराला निघाला आणि रसिका ओव्हनसमोर फरशीवर बसूनच राहिली. फुगले होते. एकूण एक. तांबूस, कडक, हलके, अगदी व्हिडिओतल्यासारखे. चार वाजेपर्यंत कोण थांबतंय? त्यातला सगळ्यात देखणा पफ तिनं बशीत घेतला आणि तशीच, पिठाच्या हातांनी, शेजारी गेली.

शेजारचं दार उघडंच होतं. बाहेर चपलांचा ढीग. काका आंघोळ करून खुर्चीत टेकले होते, ते टेकलेलेच गेले होते, त्याला अर्धा तास झाला होता. इकडे मिक्सर आणि एक्झॉस्टच्या आवाजात रसिकाला कसला पत्ता नव्हता. ती बशी धरून दारात उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातातून बशी घेतली, देवाधर्माचं काही असेल अशा समजुतीनं काकांच्या उशाशी दिव्याजवळ ठेवली आणि तिला बाजूला बसवलं. तिला रडायला येईना. सख्ख्या नात्यातल्या बायका रडत असताना शेजारणीनं कितपत रडायचं असतं, हेही तिला माहीत नव्हतं.

पार्टी रद्द झाली. तीन वाजता काकांना नेलं, स्वप्नीलही खांदा द्यायला गेला. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन कामाची वाटणी करायला आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा माणसं परतली की शेजाऱ्यांनीच बघायचं. "खिचडी मेरे यहाँ से. चाय तुमच्याकडून. आणि काही सूखा नाश्ता, चाळीस माणूस आहे."

रसिकानं चहाचं आधण ठेवलं आणि गॅस फडफडला, पिवळा झाला, विझला. सकाळपासून चार वेळा पीठ घोटून तिनं सिलिंडरचा निकाल लावला होता, आणि दुसरा आधीच रिकामा पडला होता. चहा हंसाबेनकडे सरकला. तिथे खिचडीचा कुकर तीनदा लावायचा होता, त्यात चहाची भर पडली, आणि दोन्ही रखडलं. रसिका आपली स्वयंपाकघरात. हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून ती पफ कापून त्यात चीज भरत बसली. कुणासाठी, का, काही विचार नव्हता. वरचं झाकण सरकायला लागलं तसं तिनं प्रत्येकात एकेक टूथपिक खोचली. घरात टूथपिक होत्या त्या पार्टीसाठी आणलेल्या, झेंडेवाल्या.

तेवढ्यात काकांची पुतणी चांदणी दारात आली. "वहिनी, बिस्किट हाय का? तारोडीशी आलेली आत्या सकालपासून उपाशी हाय, तिला चक्कर येते."

"बघते हं," म्हणून रसिका आतल्या खोलीत डबा शोधायला गेली. बिस्किटं घेऊन येते तर चांदणी नाही आणि दोन्ही ट्रे नाहीत.

रसिका धावली. अंडी! सुतकाच्या घरात अंडी! पण ती पोचेपर्यंत पंगत बसल्यात जमा होती. स्मशानातून आलेली माणसं आंघोळी करून ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात एक पफ, त्यावर सोनेरी झेंडा. खायचं कसं ते कुणाला कळत नव्हतं. एकानं झेंडा काढून कानावर ठेवला, विडी ठेवतात तसा. आत्याबाई दोन पफ संपवून सावरून बसल्या होत्या.

"आत पोकळ हाय," एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. मग त्यानं चष्मा लावून झेंडा वाचला. "अभिनंदन. कुनाचा?"

स्वप्नील कोपऱ्यातून रसिकाकडे असा बघत होता की जमीन दुभंगली तर दोघांनाही बरं. तिनं मान फिरवली आणि समोर काकांचा हार घातलेला फोटो आला. हाराच्या वर, गळ्याशी घट्ट, तुळशीची माळ.

"काका माळकरी होते?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

"बावीस वर्सं झाली. मासोली सोडली, अंडा सोडला. कोलीवाड्यातल्या लग्नाला गेला तरी वरनभात जेवायचा."

तिच्या खुर्चीत बसलेल्या काकांच्या गळ्यात तिनं माळ कधी पाहिलीच नव्हती. आणि दोन वर्षं, आठवड्यातून चार दिवस, ती या माणसाला अंडी चारत होती. आजचा अंड्याचा पफ तर थेट उशाशी जाऊन बसला होता. मेलेल्या माणसाची माफी मागता येत नाही, म्हणून ती आतल्या खोलीत काकांच्या बायकोकडे, सावित्रीकाकूंकडे गेली. काकू खाटेपाशी जमिनीवर बसल्या होत्या, एकट्याच.

"काकू, माझ्याकडून फार मोठं पाप झालंय," रसिका म्हणाली आणि सगळं भडाभडा ओकली. बाहेरच्या ट्रेपासून पहिल्या दिवसापर्यंत.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाहेरच्यांनी खाल्लं ते खाल्लं. आता कुनाला सांगू नको."

"पण काका..."

"त्यांना ठाव व्हता. पयल्याच दिवशी तू सांगलंस ना, काका, चार अंडी घातलीत म्हनून. हात धुऊन येतो बोलून ते घरी आले, माळ काढून खुंटीला लावली आन परत गेले. तवापासून तसाच. तुझी हाक आली का माळ खुंटीला. येऊन परत आंघोल, मग गल्यात. हिवाल्यात दोनदा सर्दी झाली त्यापायी."

एकदम रसिकाला वाटलं, एवढं केलं त्याअर्थी काहीतरी असणार. "म्हणजे त्यांना खूप आवडायचं का हो?"

काकूंनी खरंच विचार केला. दिवसभर रडून त्यांचे डोळे लाल झाले होते, पण उत्तर द्यायचं तर नीट द्यायचं, असा त्यांचा चेहरा होता.

"न्हाय गो," त्या म्हणाल्या. "कदीच न्हाय. लोनी छातीवर बसायचा. रोज रातच्याला ओवा चावत झोपायचे."

"मग कशाला यायचे?"

"तू हाक मारायचीस ना."

तेव्हा रसिका रडली. सकाळपासून अडलेलं सगळं एकदम आलं, शेजारीण, परकी, कितपत, काही हिशेब राहिला नाही. काकूंनी तिला जवळ ओढलं आणि त्याही पुन्हा सुरू झाल्या. बाहेरच्या खोलीत कुणीतरी चांदणीला विचारत होतं, ते झेंडेवाले फार चांगले झालेत, आणखी आहेत का. चांदणी दारात येऊन दोनदा "वहिनी, वहिनी" म्हणाली. रसिकाला ते ऐकूच आलं नाही.